गोदामाच्या छतावरचे बहात्तर तास

पाणी वरून खाली येतं. या गोष्टीवर आजवर कोणत्याही कार्यालयाने हरकत घेतलेली नाही. काँक्रीटचं छत घालणारा, त्या छताखाली बसणारा आणि त्या दोघांच्या कागदावर सही करणारा, या तिघांचं निदान एवढ्यावर तरी एकमत असतं. मतभेद सुरू होतात ते पाणी मध्येच अडवायचं ठरल्यावर.

पाणी अडवण्याच्या या विद्येला जलरोधन म्हणतात. (बोलताना सगळे वॉटरप्रूफिंगच म्हणतात. जलरोधन हा शब्द आमच्या कक्षाच्या पाटीवर आहे, आणि भिंतीचा तो भाग ओला असल्यामुळे पाटी जरा फुगली आहे.) कारखाने, गोदामं, दुकानांच्या इमारती, गाड्या लावायचे तळमजले, अशा सगळ्या काँक्रीटच्या बांधकामांना कोरडं राहण्याचा दाखला देणं हे आमच्या कक्षाचं काम. या कक्षाचा मी मुख्य लेखनिक. छतांच्या पाणी-चाचणीची एक्केचाळीस पानी नियमावली मीच लिहिली आहे, हे सांगताना मला संकोच वाटत नाही. ती मी एका दिवसात लिहिली. पहिले पंधरा नियम जेवणाआधी झाले, उरलेले जेवणानंतर, आणि दोन्हीकडचे इतके चांगले उतरले की एकमेकांशी ताडून पाहण्याची गरज वाटली नाही.

ज्यांनी नियमावली वाचली नसेल (म्हणजे आमच्या कक्षाचे परीक्षक सोडून सगळे) त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. मिस्त्रीने छताला लेप दिला की छताची पाणी बाहेर जायची भोकं गोणपाटाच्या बोळ्यांनी बंद करतात, छतावर पाणी भरतात आणि बहात्तर तास थांबतात. खालून छत कोरडं राहिलं तर काम पास. ही पद्धत आमच्या धंद्यात फार जुनी आहे आणि ती बरी चालली होती. तिच्यात शिस्त नव्हती, एवढंच. पाणी किती, मोजायचं कुणी, उतरलं तर काय, चढलं तर काय, याचा कुठेच पत्ता नव्हता. ती शिस्त मी आणली.

नियम चौदा (जेवणाआधीचा) असा: "पातळी उतरली व खालून छत ओले आढळले, तर काम नापास समजावे. पातळी उतरली परंतु छत कोरडे असले, तर प्रकरण संशयास्पद समजावे, पाणी शक्य तितक्या लवकर पुन्हा खुणेपर्यंत भरावे व तास पहिल्यापासून मोजावेत. पातळी केसभरही न हलता बहात्तर तास छत कोरडे राहिले, तर काम पास समजावे."

नियम एकोणीस (जेवणानंतरचा) असा: "चाचणी चालू असताना छतावर बाहेरून पाणी पडल्यास, मग ते कोठूनही पडो, तास पहिल्यापासून मोजावेत."

आता एखादा टीकाकार म्हणेल की उघड्यावरचं पाणी उन्हाने तीन दिवसांत बोटभर उडतंच. उडत असेल. ऊन हा घटक माझ्या नियमावलीत नाही. बेचाळिसावं पान केलं असतं तर तो आला असता.

या नियमावलीप्रमाणे पहिली चाचणी सुरू झाली ती शहराच्या कडेच्या सिमेंटच्या गोदामावर. गोदाम मोठं होतं, एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाचा माणूस ओळखू येत नसे. आत छताला हात लागेल एवढ्या उंच सिमेंटच्या गोण्यांच्या थप्प्या. सिमेंट हा माल असा आहे की त्याला पाण्याचा वास जरी आला तरी तो दगड व्हायला लागतो. तेव्हा छत कोरडं राहणं ही इथे चैनीची बाब नव्हती.

काम केलं होतं एका पन्नाशीच्या मिस्त्रीने. त्यांच्या वडिलांचाही हाच धंदा होता. मिस्त्रींनी छत तारेच्या ब्रशने घासून धुतलं, भेगा खरवडून भरल्या, लेपाचे दोन हात मारले, मध्ये जाळी घातली आणि वरचा गिलावा थापीने असा घोटला की त्यात म्हणे तोंड दिसत होतं. छत आणि कठडा मिळतात ते कोपरे त्यांनी गोल करून घेतले, कारण पाणी आधी कोपऱ्यातच घुसतं. शेवटच्या कोपऱ्याशी ते अर्धा दिवस बसले होते. मग बोळे ठोकले, कठड्यावर लाल रंगाची खूण केली, चार बोटं पाणी भरलं, आणि हात धुऊन खाली येऊन गोदामातल्या फोनवरून आईला कळवलं.

"आई, काम झालं. आता फक्त तीन दिवस चाचणी. तीन दिवसांत येतो."

"ये," आई म्हणाली. "माझ्या खाटेवर थेंब पडतोय, तेवढं बघून दे. मी खाट जरा सरकवून घेतली आहे."

हे सात वर्षांपूर्वीचं.

मिस्त्रींना त्या तीन दिवसांत घरी का जाता आलं नाही, असं कुणी विचारेल. नियम नऊ. "चाचणी पूर्ण होईपर्यंत काम करणाऱ्या कारागिराने हाकेच्या अंतरावर हजर असावे, तसे न केल्यास काम सोडले असे समजून त्याचे नाव यादीतून कमी करावे." हाकेचं अंतर म्हणजे किती, यावर वाद नको म्हणून ते आम्ही मोजून घेतलं. शिपाई छतावर उभा राहून हाका मारत राहिला आणि मिस्त्री चालत गेले. एकशे सत्तराव्या पावलाला त्यांनी मागे वळून पाहिलं नाही, तिथे खुंटी ठोकली. आईचं घर बसने अर्ध्या तासावर. (पाचव्या वर्षी पुन्हा मोजणी झाली तेव्हा मिस्त्रींना कमी ऐकू येत असल्याचं निघालं आणि खुंटी साठ पावलांवर आणावी लागली.) यादीतून नाव गेलं की पुन्हा कुठल्याच छताला हात लावता येत नाही. आणि हे छत मिस्त्रींनी आयुष्यात केलेल्या कामांत सर्वांत चांगलं होतं, असं ते स्वतःच म्हणायचे. ते काम नापास म्हणून सोडून जायला त्यांचा जीव होईना. तेव्हा ते छतावरच, पाण्याच्या टाकीखालच्या खोलीत राहू लागले.

खोली तशी वाईट नव्हती. खिडकीतून चाचणी दिसायची.

परीक्षक साहेबांबद्दल गैरसमज नको. अतिशय सज्जन माणूस. मिस्त्रींसाठी ते घरून डबा आणत, त्यांचा चष्मा दुरुस्त करून आणत, थंडीत त्यांनी स्वतःचा स्वेटर दिला. एक पातळी सोडली तर त्यांनी मिस्त्रींना काहीही दिलं असतं. दर तिसऱ्या दिवशी ते पायजमा गुडघ्यापर्यंत वर करून पाण्यात उतरत, पट्टी लावत, भिंग लावून बघत, आणि खरोखर वाईट वाटून म्हणत, "मिस्त्री, पातळी उतरलीय हो."

"साहेब, ऊन आहे."

"मला दिसतंय ऊन. घाम मलाही येतोय. पण मला काय वाटतं त्याला इथे अर्थ नाही. पातळी काय म्हणते ते लिहायचं."

मग पाणी खुणेपर्यंत भरलं जाई आणि बहात्तर तास पहिल्यापासून सुरू होत. ऊन नसेल तेव्हा पाऊस असे आणि नियम एकोणीस लागे. अशी चाचणी सात वर्षांत नऊशे बारा वेळा नव्याने सुरू झाली. त्यांपैकी सर्वांत जवळची वेळ तिसऱ्या वर्षी आली होती. ढगाळ हवा होती, पाऊस नव्हता, वारा नव्हता, एकाहत्तर तास झाले होते आणि पातळी जागची हलली नव्हती. परीक्षक पट्टीजवळ बसून होते, मिस्त्री हात जोडून. तेवढ्यात परीक्षकांना शिंक आली. ते अत्यंत प्रामाणिक असल्यामुळे त्यांनी नियम एकोणीस स्वतःला लावून घेतला.

मिस्त्रींनी उपाय सुचवले नाहीत असं नाही. त्यांनी पाण्यावर प्लास्टिक अंथरायचं सुचवलं. ते नामंजूर झालं, कारण झाकलेलं पाणी दिसत नाही आणि न दिसणारं पाणी आहे असं परीक्षक लिहिणार कसे. त्यांनी पाण्यावर तेल सोडायचं सुचवलं, तेव्हा ती तेलाची चाचणी होईल असं निदर्शनास आणून देण्यात आलं. दुसऱ्या वर्षी त्यांनी एक खरोखर हुशारीची युक्ती काढली. शेजारी एका पत्र्याच्या ताटात तेवढंच पाणी भरून ठेवायचं. ताटातलं जेवढं उतरेल तेवढं उन्हाने नेलं, हे उघडच आहे. परीक्षकांना हे फार पटलं. त्यांनी फक्त एवढंच विचारलं की ताट गळत नाही याचा दाखला कुठे आहे. दाखला नव्हता. मग ताटाचीही चाचणी सुरू करण्यात आली आणि मिस्त्री ताटाच्याही हाकेच्या अंतरावर राहू लागले.

बदकांचा प्रश्न वेगळा. ती कुठून आली कुणास ठाऊक, पण आली. उतरली की पातळी चढायची, उडाली की उतरायची, आणि मधल्या वेळात ती पाणी पीत. पिणं ही गळती धरावी काय, असं आम्ही वरच्या कार्यालयाला विचारलं. दीड वर्षाने उत्तर आलं की बदकांना मनाई करणारा फलक लावावा. फलक लावला. त्यानंतर बदकं आली नाहीत. फलकावर बसायला एक कावळा मात्र येऊ लागला, आणि त्याचं काय करावं हे अजून विचाराधीन आहे.

खाली गोदामात काय चाललं होतं हेही सांगायला हवं. गोदाम सांभाळणाऱ्या बाईंना सगळे गोदामबाई म्हणत. दर दोन तासांनी छताकडे बघायचं आणि नोंदवहीत 'कोरडे' किंवा 'ओले' लिहायचं, हे त्यांचं काम. (संध्याकाळी सहानंतरच्या नोंदी त्या सकाळी आल्यावर करत. छत काही घर सोडून जात नाही, असं त्या म्हणायच्या, आणि ते खरं होतं.) सात वर्षांत त्यांनी तीस हजारांहून जास्त वेळा 'कोरडे' लिहिलं. अक्षर पहिल्या वर्षी वळणदार होतं. चौथ्या वर्षी त्याची एक रेघ झाली होती, पण ती रेघ कोरडी होती. मान सतत वर असल्यामुळे गोदामबाई समोरच्या माणसाला कपाळावरून ओळखू लागल्या.

सिमेंट अर्थातच दगड झालं. सात वर्षं ठेवलेलं सिमेंट हवेतल्या ओलीनेच दगड होतं, त्याला छत गळावं लागत नाही. चाचणी चालू असताना छताखालचा माल हलवू नये असा नियम आहे, नाहीतर छत कोरडं कशासाठी ठेवायचं हेच कळणार नाही. यावर काही लोक नाराज झाले. मला त्यांची नाराजी समजत नाही. सिमेंटने एक दिवस दगड व्हावं म्हणूनच ते बनवलेलं असतं. इथे ते वाळू, खडी, मजूर यांतलं काहीही न वापरता झालं, आणि तेही गोणीच्या सुबक आकारात. पाण्याच्या वजनाने सहाव्या वर्षी छताने मधोमध जराशी मान टाकली, तेव्हा तेच दगड त्याला खालून टेकू म्हणून लाभले. ज्याला वाचवायचं तेच वाचवणाऱ्याला धरून उभं आहे, असं दृश्य मी दुसऱ्या कुठल्याही खात्यात पाहिलेलं नाही.

दरम्यान मिस्त्री दर आठवड्याला आईला फोन करत.

"आई, तीन दिवस राहिलेत."

"बरं. थेंब आता उशाशी आलाय. खाट मी भिंतीकडे घेतली."

सात वर्षांत मिस्त्री आईशी एकदाही खोटं बोलले नाहीत, ही बाब मी मुद्दाम नोंदवतो. ज्या ज्या वेळी त्यांनी तीन दिवस सांगितले, त्या त्या वेळी नियमाप्रमाणे जास्तीत जास्त तीनच दिवस उरलेले होते. आई दुसऱ्या कारागिराला बोलवायला तयार नव्हती. "घरात मिस्त्री असताना परका माणूस छतावर कशाला चढवायचा?" असं ती शेजाऱ्यांना सांगे. थेंब एकाचे दोन झाले, दोनाचे पाच झाले, आणि खाट खोलीभर फिरू लागली. पहिल्या वर्षी ती मधून भिंतीला गेली, तिसऱ्या वर्षी खिडकीखाली, पाचव्या वर्षी चुलीशेजारी. सहाव्या वर्षी ती उंबऱ्याशी होती. या प्रवासाची नोंद आमच्या कक्षात नाही, कारण ते छत कुणी चाचणीला दिलेलंच नव्हतं. मला ती मिस्त्रींकडून कळली. ते टाकीखालच्या खोलीत जमिनीवर खडूने आईच्या खोलीचा नकाशा काढत आणि फोन झाला की खाट पुसून नव्या जागी काढत.

सातव्या वर्षी एका सकाळी मी नोंदवह्यांच्या वार्षिक तपासणीसाठी छतावर गेलो होतो. दहा वाजायचे होते. परीक्षक पट्टी लावत होते, मिस्त्री ताटाशी उभे होते. जिन्याच्या दारातून एक म्हातारी बाई वर आली. हातात पिशवी आणि छत्री. आभाळ स्वच्छ होतं, म्हणून मी छत्रीकडे पाहिलं.

"ही घरातली आहे," ती म्हणाली. "बाहेर मी छत्री वापरत नाही."

ती मिस्त्रींची आई होती. मिस्त्रींना पहिल्यांदा ऐकू आलं नाही. मग त्यांनी वळून पाहिलं.

"खाट काल दाराबाहेर गेली," आई म्हणाली. "म्हटलं, खाट निघालीच आहे तर आपणही निघावं. किती वाळलास रे."

"आई, फक्त तीन दिवस…"

"हो. माहितीय." तिने पाण्याकडे पाहिलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "हे काय आहे?"

"माझं काम."

"काम कुठंय? हे तर पाणी आहे."

"पाण्याखाली आहे."

"कुणी पाहिलं का मग?"

मी मनात हिशेब केला. पाणी भरलं गेलं ती पहिल्या दिवशीची सकाळ, आणि परीक्षक आले ते दुपारी. काम कुणीच पाहिलं नव्हतं. परीक्षकांनी नम्रपणे खुलासा केला. "आजी, काम बघायचं नसतं. पातळी बघायची असते."

"तुम्ही बघा की पातळी. मला त्याचं काम बघायचंय."

असं म्हणून तिने चपला काढल्या, पिशवी ताटाच्या काठावर टेकवली (ताटाची चाचणी तिथेच मोडली), पाण्यात उतरली आणि कोपऱ्यातल्या भोकाजवळ वाकून गोणपाटाचा बोळा ओढला. आम्ही तिघेही बघत राहिलो. परीक्षकाने, मिस्त्रीने, गोदामबाईने आणि मी काय करू नये, हे नियमावलीत सविस्तर आहे. आईने काय करू नये, ते नाही.

बोळा सात वर्षांचा होता, तिच्या हातात त्याच्या चिंध्या झाल्या. पाणी निघालं. ते पाइपातून गटारात जायला हवं होतं, पण भोकाखालचा पाइप नळवाल्याने चौथ्या वर्षी काढून नेला होता. एवढी वर्षं ज्यातून थेंब गेला नाही असा पाइप नुसता अडकवून ठेवणं त्याला उधळेपणाचं वाटलं, म्हणून त्याने तो आमच्या कक्षाच्या न्हाणीघराला बसवला होता. त्यामुळे छतावरचं सगळं पाणी एका जाड धारेने सरळ गोदामात पडू लागलं. आवाज मोठा झाला. खाली गोदामबाई दहाच्या नोंदीसाठी उभ्याच होत्या. त्यांनी छताकडे पाहिलं. घोटाभर पाण्यात उभं राहून त्यांनी वहीत 'कोरडे' लिहिलं.

नंतर यावर चौकशी झाली, पण गोदामबाईंचं म्हणणं खोडता आलं नाही. छत कोरडंच होतं. पाणी भोकातून येत होतं, आणि भोक नकाशात दाखवलेलं होतं. नकाशातल्या जागेतून येतं त्याला गळती म्हणत नाहीत. सिमेंटचंही नुकसान झालं नाही. दगडाला पाणी काय करणार? उलट नव्या काँक्रीटला आठवडाभर पाणी मारावं लागतं, तेवढं एका फटक्यात मारून झालं.

वर पाणी ओसरलं तसं काम दिसू लागलं. त्यावर शेवाळं होतं. आई वाकली आणि तिने हाताने घासून वीतभर जागा साफ केली. मग तळवा त्यावर फिरवला, जसा आपण धुतलेल्या भांड्यावर फिरवतो. मग ती कोपऱ्यापाशी गेली आणि तिथे बोटं फिरवत बराच वेळ उभी राहिली.

"कोपरा छान गोल घेतलायस," ती म्हणाली. "वडील असाच घ्यायचे तुझे. चांगलं केलंयस काम."

मिस्त्री रडले. हे मला लिहावं लागतं, कारण चाचणी चालू होती आणि नियम एकोणीसप्रमाणे छतावर बाहेरून पाणी पडलं होतं. परीक्षकांनी त्या वेळी नेमकं आभाळाकडे पाहिलं. सात वर्षांत त्यांनी न केलेली ती एकच नोंद. मीही ती केली नाही. मला त्या क्षणी आपण नियम एकोणीस लिहिला नसता तर बरं झालं असतं असं वाटलं, आणि हे मी इथे प्रथमच कबूल करतो आहे.

मग परीक्षकांनी पट्टी लावली. पातळी शून्य. खालून छत कोरडं. म्हणजे प्रकरण संशयास्पद, पाणी पुन्हा भरायचं, तास पहिल्यापासून. पण भरायचं तर बोळा हवा, आणि बोळ्याच्या चिंध्या झालेल्या. मी तिथूनच भांडारात फोन केला. गोणपाटाचा बोळा, नग एक, अत्यंत तातडीचा. भांडारपालांनी ताबडतोब उत्तर दिलं.

"तीन दिवसांत पाठवतो."

पाणी शक्य तितक्या लवकर भरावं असं नियमात आहे. शक्य होतं ते तीन दिवसांनी. तोवर तास मोजणं थांबवा असं कुठेही म्हटलेलं नाही. परीक्षक तास मोजत राहिले. आई टाकीखालच्या खोलीत राहिली. जमिनीवरचा खडूचा नकाशा तिने पाहिला, आणि त्यात खाट अजून उंबऱ्याच्या आत आहे असं दिसल्यावर तिने ती चपलेने पुसून मिस्त्रींना दाराबाहेर नव्याने काढायला लावली. बाकी तीन दिवस दोघं मायलेक कठड्याला टेकून बोलत बसले होते. परीक्षक दर दोन तासांनी पट्टी लावत. शून्य. शून्य. शून्य. ऊन कडक होतं. पातळी केसभर उतरली नाही.

बहात्तर तास पुरे झाले तेव्हा परीक्षक पट्टीपाशी गुडघे टेकून बसले. त्यांनी भिंग लावलं, पट्टी दोनदा पुसली. पातळी पहिल्या तासाला होती तिथेच होती. छत कोरडं होतं. पाऊस, शिंक, बदक, काहीही झालं नव्हतं. त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

"पण पाणी नाही ना," ते म्हणाले.

मी नियमावलीची मूळ प्रत उघडली. नियम बारा: "छतावर ____ इंच पाणी भरावे." तो आकडा वरच्या कार्यालयाने ठरवावा म्हणून मी जागा रिकामी सोडली होती. वरच्या कार्यालयाने ती तशीच मंजूर केली. आजवर परीक्षक तिथे दर वेळी मोजून येईल तो आकडा भरत आले होते. आता मोजून शून्य येत होता. त्यांनी शून्य भरलं आणि सही केली. दाखल्यावर असं आहे की सदर छत शून्य इंच पाण्याला संपूर्णपणे अडवते. एवढं निर्दोष वाक्य माझ्या हाताखालून गेलं नव्हतं.

मिस्त्रींनी दाखला घडी करून खिशात घातला, थापी पिशवीत टाकली आणि आईचा हात धरून ते जिना उतरले. साठ पावलांवरच्या खुंटीपाशी ते सवयीने थांबले. आई म्हणाली, "चल रे," तेव्हा निघाले.

घरी जाऊन त्यांनी आईच्या छताचं काम केलं. चार बोटं पाणी भरलं, स्वतःच्या जुन्या सदऱ्याचा बोळा लावला. आई दोन दिवस खाली खाटेवर पडून वर बघत होती. तिसऱ्या दिवशी तिने आवाज दिला, "पुरे झालं. सोड पाणी." झाली चाचणी. खाट आता खोलीच्या मधोमध आहे. आमच्याकडे अर्ज न आल्यामुळे नोंदीत मात्र ते घर गळकंच आहे, आणि तसंच राहील.

आमच्या कक्षाने यातून जो बोध घ्यायचा तो घेतला. वरच्या कार्यालयाने नियम बारामधली जागा अखेर भरली आणि शून्य हा आकडा कायम केला. त्यामुळे पाण्याची नासाडी थांबली, बदकांचा प्रश्न मिटला, आणि प्रत्येक चाचणी बहात्तर तासांत पुरी होऊ लागली. गेल्या वर्षी चारशे अकरा छतांची चाचणी झाली: कारखाने, दुकानं, दवाखाने, शाळा, आणि मागणी वाढल्यामुळे राहत्या इमारतीही. चारशे अकरा पास झाली. पत्र्याचं ताटही पास झालं.

आपण ज्या छताखाली बसला आहात त्याचा दाखलाही आमच्याकडचाच आहे. त्यावर सही परीक्षकांची आहे, आणि नियम माझा. मान वर करून पाहिलंत तर कोपऱ्यात एक पिवळसर डाग दिसेल. तो नवीन नाही. तो जुनाच आहे, वाढलेला नाही, असं आपण घरच्यांना सांगता, आणि त्याच्याखालून खुर्ची थोडी सरकवून घेता, हे आम्हाला ठाऊक आहे. आमची सगळी व्यवस्था त्या सरकवण्यावरच उभी आहे. आत्ता या पानावर एखादा थेंब पडला, तर घाबरू नये. वर बघावं, आणि समोरच्या रकान्यात नेहमीप्रमाणे 'कोरडे' लिहावं. रकाना छापलेला कागद आपल्याकडे नसेल, तर तसं कळवा.

तीन दिवसांत पाठवतो.